जुन्या बांधकाम यंत्रांची डायकास्ट मॉडेल्स : निवड, पारख आणि मराठवाड्याच्या हवेतील जतन

मराठवाड्यात १९६० ते १९९० या काळात वाढलेल्या पिढीने बांधकामाची मोठी यंत्रे जवळून पाहिली ती मुख्यत्वे दोन ठिकाणी : गावच्या रस्त्यावर मुरमाची दबाई करणारा रोड रोलर, आणि धरणाच्या भरावावर दिवसभर येरझाऱ्या घालणारे डोझर, स्क्रेपर व डंपर. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे ते मातीचे धरण उभे राहत असतानाच्या दशकात पैठण परिसरातल्या मुलांना यंत्रे पाहण्यासाठी कुठे लांब जावे लागत नव्हते. याउलट १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांच्या कामांवर खडी माणसांनी फोडली आणि माती माणसांनीच वाहिली. तिथे यंत्र म्हणावे असे जे काही दिसे ते बहुधा रोलरच असे. त्या काळातली बहुतेक यंत्रे पुढे निर्लेखित झाली, लिलावात गेली आणि भट्टीत वितळली. जालन्यासारखे सळईच्या कारखान्यांचे शहर हाकेच्या अंतरावर असताना जुन्या लोखंडाला फार काळ पडून राहता येत नाही.

अशा यंत्रांच्या प्रतिकृती जमवण्याचा छंद नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. डायकास्ट मॉडेल म्हणजे जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरून ओतलेली, ठरावीक प्रमाणातली प्रतिकृती. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ही प्रक्रिया समजावून सांगण्याची गरज नाही, आणि मॉडेल पारखताना साच्याची सांधरेषा कुठे आहे, कडेला राहिलेला धातूचा पापुद्रा नीट घासला आहे की नाही, हे त्यांच्या नजरेला इतरांपेक्षा लवकर दिसते.

पूर्ण लेखाचा रोख एका गोष्टीवर आहे : आधी यंत्र अभ्यासावे, मग मॉडेल विकत घ्यावे. ज्याला यंत्र कळते त्याला चांगले मॉडेल, चुकीचे मॉडेल आणि फसवे मॉडेल यांतला फरक आपोआप कळू लागतो.

पहिली पायरी : विषय ठरवणे

जुन्या यंत्रांच्या मॉडेलांत दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली जात म्हणजे जी मॉडेल्स स्वतःच जुनी आहेत, म्हणजे यंत्र नवे असताना त्याच काळात खेळणे किंवा जाहिरातीची भेटवस्तू म्हणून निघालेली. दुसरी जात म्हणजे जुन्या यंत्राची अलीकडे, नव्या साच्यातून काढलेली प्रतिकृती. पहिलीत इतिहास आहे पण बारकावे कमी. दुसरीत बारकावे भरपूर, पण वस्तू म्हणून ती कालचीच. पहिलीची पारख धातू, रंग आणि खोक्यावरून करायची असते, तर दुसरीची मूळ यंत्राशी ताडून. दोन्ही जमवता येतात, मात्र सुरुवातीला एकच निवडलेली बरी.

त्यानंतर विषय. "सगळीच बांधकाम यंत्रे" हा विषय होऊ शकत नाही, कारण त्यात पैसा आणि जागा दोन्ही वर्षभरात संपतात. एका प्रकारचे यंत्र, एक उत्पादक, किंवा एक काम, यांपैकी काहीतरी धरावे. मराठवाड्यातल्या नवोदिताला माझा सल्ला रोड रोलरपासून सुरुवात करण्याचा आहे. रोलर आकाराने लहान असतो, त्याची मॉडेल्स तुलनेने स्वस्त मिळतात, वाफेपासून डिझेलपर्यंतचा त्याचा प्रवास पाच-सहा नगांत दाखवता येतो, आणि मूळ यंत्र अजूनही एखाद्या सरकारी आवारात गवतात उभे असलेले सापडू शकते. भारतीय दुवाही आहेच : १९४८ साली टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) मार्शल सन्स या ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने वाफेवरचा रोड रोलर बाजारात आणला होता.

ज्यांना धरण हाच विषय घ्यायचा आहे त्यांनी मातीच्या भरावाचा क्रम डोळ्यांसमोर ठेवावा. खाणीतून माती उचलणारे शॉव्हेल किंवा स्क्रेपर, ती वाहणारा डंपर, थर पसरवणारा डोझर आणि थर दाबणारा, ड्रमवर खुरांसारखे दाते असलेला शीपफूट रोलर, असे चार प्रकार झाले की कामाची साखळी पूर्ण होते. भारतीय नावांची मॉडेल्स शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या मूळ घराण्याकडे जावे. १९६४ साली स्थापन झालेल्या बीईएमएल या सरकारी कंपनीने डोझर कोमात्सुच्या तंत्रज्ञानावर बनवले, हिंदुस्तान मोटर्सचे डंपर टेरेक्सच्या सहकार्याने निघाले, आणि एल अँड टी पोकलेनची उत्खनन यंत्रे बनवत असे. पोकलेन ही जॉर्ज बताय यांनी फ्रान्समध्ये स्थापलेली कंपनी. तिच्या १९६० च्या दशकातल्या टीवाय ४५ या यंत्राची मॉडेल्स शोधायची तर फ्रेंच विक्रेत्यांच्या याद्या चाळाव्या लागतात.

प्रमाण आणि जागा

बांधकाम यंत्रांच्या मॉडेलांत १:५० हे सर्वमान्य प्रमाण आहे. मोटारींच्या संग्राहकांचे १:४३ किंवा १:६४ इथे फारसे चालत नाही. रेल्वेच्या प्रतिकृतींमुळे १:८७ आणि ब्रिटिश परंपरेमुळे १:७६ हीही प्रमाणे आढळतात, तर काही अमेरिकी कंपन्या १:२५ मध्येही मॉडेल्स काढतात. पावणेसहा मीटर लांबीचा जेसीबी बॅकहो १:५० मध्ये साडेअकरा सेंटिमीटरचा होतो. तोच १:८७ मध्ये साडेसहा सेंटिमीटरवर येतो आणि १:२५ मध्ये तेवीस सेंटिमीटर जागा अडवतो. कपाट घेण्याआधी हा हिशेब कागदावर करावा. पंधरा मीटर लांबीचा खाणीतला डंपर १:५० मध्येही तीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे पुस्तकांच्या साध्या फडताळात तो मावत नाही.

जुन्या खेळण्यांवर छापलेले किंवा विक्रेत्याने सांगितलेले प्रमाण मात्र गृहीत धरू नये. मॅचबॉक्सच्या छोट्या गाड्या एकाच मापाच्या खोक्यात बसाव्यात म्हणून लहानमोठ्या केल्या जात, त्यामुळे त्या मालिकेतला रोलर आणि डंपर शेजारी ठेवले की दोघांचे प्रमाण जुळत नाही. तपासण्याची रीत सोपी आहे. मूळ यंत्राच्या माहितीपत्रकातून एक पक्के माप घ्यावे, उदाहरणार्थ मागच्या चाकाचा व्यास, आणि मॉडेलवर तेच माप व्हर्नियरने मोजावे. दीड मीटरचे चाक १:५० मध्ये ३० मिलिमीटर भरले पाहिजे. ते २५ भरले तर मॉडेल १:६० चे आहे, विक्रेता काहीही म्हणो.

कोणत्या कंपन्यांची मॉडेल्स

ब्रिटनमधल्या लेस्नी प्रॉडक्ट्स या कंपनीने १९४८ साली काढलेले पहिले डायकास्ट खेळणे म्हणजे अ‍ॅव्हलिंग-बारफर्डचा रोड रोलर होता. कंपनीतले जॅक ओडेल यांनी आपल्या मुलीला शाळेत नेता यावा म्हणून काड्यापेटीत मावेल एवढा पितळी रोलर केला, आणि त्यातून १९५३ साली मॅचबॉक्स मालिका सुरू झाली. त्या मालिकेतले पहिले तीन क्रमांक म्हणजे रोड रोलर, डंपर आणि सिमेंट मिक्सर. मोटारींचे संग्राहक मॅचबॉक्सला आपले मानतात, पण मालिकेचा पाया रस्ते बांधणाऱ्या यंत्रांनी घातला आहे, हे आपल्या बाजूने सांगून ठेवायला हरकत नाही. पुढे याच कंपनीच्या जुन्या वाहनांच्या मालिकेत अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टरचा वाफेचा रोलर वाय-११ या क्रमांकाने आला. तो नवोदिताला परवडण्यासारखा आणि दिसायलाही देखणा आहे.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे डिंकी टॉइज १९३४ पासून त्या नावाने विकले जाऊ लागले. तिचा ब्लॉ-नॉक्स बुलडोझर १९४९ चा, युक्लिड डंपर १९५५ चा. कोल्सची क्रेन आणि अ‍ॅव्हलिंग-बारफर्डचा डिझेल रोलर हेही तिचेच. बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ साली बंद पडला. डिंकीचे काही जुने साचे नंतर कलकत्त्याला आले आणि तिथे निकी टॉइज या नावाने गाड्या निघाल्या. त्यांत मोटारी अधिक असल्या तरी भारतीय घरांत सापडणाऱ्या वस्तू ओळखण्यासाठी हे नाव ठाऊक असावे.

१:५० च्या काटेकोर मॉडेलांची परंपरा जर्मनीतली, न्युरेम्बर्ग परिसरातली. एनझेडजी ही कंपनी १९६८ सालची, आणि कॉनरॅड तिची तोलामोलाची शेजारीण. त्यांची बरीच मॉडेल्स यंत्रांच्या उत्पादकांनीच मागवलेली असत आणि म्युनिकच्या बाउमा या बांधकाम यंत्रांच्या प्रदर्शनात किंवा विक्रेत्यांमार्फत ग्राहकांना दिली जात. जुन्या यंत्रांच्या नव्या प्रतिकृतींसाठी अमेरिकेतल्या फर्स्ट गिअर आणि स्पेककास्ट या नावांकडे पाहावे. पितळेची हातबनावटीची, मोजक्या संख्येत निघणारी मॉडेल्सही आहेत, परंतु त्यांची किंमत पाहता संग्रहाच्या पहिल्या काही वर्षांत त्या वाटेला जाऊ नये.

यंत्राचा काळ ओळखणे

मॉडेलचा रंग, ट्रॅकचा (चाकांभोवती फिरणाऱ्या साखळीपट्ट्याचा) आकार, माती ढकलणारे पाते उचलण्याची रचना आणि बाजूवरचे नाव, या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर मॉडेल विश्वासार्ह मानावे.

रंगापासून सुरुवात करू. होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन १९२५ साली कॅटरपिलर झाली, तेव्हा तिची यंत्रे करडी, लाल रेघांची होती. पिवळा रंग डिसेंबर १९३१ मध्ये आला आणि १९७९ साली त्याची छटाही बदलली. त्यामुळे १९२० च्या दशकातला ट्रॅक्टर पिवळाधमक दिसला तर तो एक तर नंतर रंगवलेल्या यंत्राची प्रतिकृती आहे, किंवा साचा करणाऱ्याने अभ्यास केलेला नाही. पिवळा रंग सर्वांचाच, हा समजही सोडून द्यावा. अ‍ॅलिस-चाल्मर्सची जुनी यंत्रे नारिंगी असत.

ट्रॅककडे बाजूने पाहावे. पारंपरिक डोझरचा ट्रॅक लांबट, दोन्ही टोकांना गोल असतो. मागचे दात्यांचे चाक वर उचलून ट्रॅकला त्रिकोणी आकार देण्याची कॅटरपिलरची रचना १९७७ च्या डी-१० पासून आली. जायकवाडीच्या काळाचा देखावा उभारताना त्रिकोणी ट्रॅकचा डोझर ठेवला तर जाणकाराला तो लगेच खटकतो, कारण धरणाचे उद्घाटन त्याआधीच होऊन गेले होते.

तिसरी खूण पात्याची. जुन्या डोझरचे पाते तारेच्या दोराने उचलले जाई. इंजिनाच्या पुढे किंवा मागे दोर गुंडाळणारे ड्रम असत आणि वरून कप्प्यांवरून दोर खाली येई. १९५० आणि १९६० च्या दशकांत तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर हळूहळू त्याची जागा घेत गेले. दोराचा डोझर वजनानेच पाते खाली सोडतो, त्याला जमिनीत दाबता येत नाही. ही गोष्ट ठाऊक असली की जुन्या छायाचित्रात कठीण जमिनीवर आधी रिपर (जमीन उकरणारा दाता) किंवा सुरुंग का वापरलेला दिसतो, याचा उलगडा होतो. चांगल्या मॉडेलमध्ये हा दोर खरोखर ओवलेला असतो. हलक्या मॉडेलमध्ये त्याच्या जागी ओतीव कांडी असते.

शेवटी नाव. जनरल मोटर्सने युक्लिड कंपनी १९५३ साली घेतली आणि मक्तेदारीविरोधी खटल्यामुळे १९६८ साली तिला युक्लिडचा डंपर व्यवसाय विकावा लागला. त्यानंतर तिने आपल्या यंत्रांना टेरेक्स हे नाव दिले. अ‍ॅलिस-चाल्मर्सचा यंत्रविभाग १९७४ साली फियाटबरोबर गेला आणि फियाट-अ‍ॅलिस झाला. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बांधकाम यंत्रांचा विभाग १९८२ साली ड्रेसरकडे गेला. इंग्लंडमध्ये अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टर आणि बारफर्ड अँड पर्किन्स यांच्यातून १९३४ साली अ‍ॅव्हलिंग-बारफर्ड तयार झाली. ही वर्षे पाठ असली तरी बाजूवरच्या अक्षरांवरून यंत्राचे दशक सांगता येते, आणि कोणी जुन्या मॉडेलवर नवे स्टिकर चिकटवले असेल तर तेही पकडता येते.

पुस्तकी अभ्यासाला प्रत्यक्ष पाहणीची जोड द्यावी. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या किंवा जलसंपदा विभागाच्या यांत्रिकी शाखेच्या आवारात जुना रोलर उभा असेल तर संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन तो पाहावा, चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, उत्पादकाची पट्टी वाचावी आणि चाकांची मापे घ्यावीत. लिलाव झाला की ही संधी पुन्हा येत नाही.

जुने मॉडेल हातात आल्यावर

समजा ब्लॉ-नॉक्स बुलडोझर समोर आहे. तो आधी उलटा करावा. तळावर उत्पादकाचे नाव आणि "मेड इन इंग्लंड" ही अक्षरे ओतीव, कडा स्पष्ट असलेली दिसली पाहिजेत. तळपट्टी जिथे जोडली आहे तिथले रिव्हेट पाहावेत. कारखान्यातला रिव्हेट गुळगुळीत पसरलेला असतो. तो ड्रिलने उडवलेला, त्यात स्क्रू घातलेला किंवा गोंदाने भरलेला असेल तर मॉडेल उघडले गेले आहे आणि बहुधा पुन्हा रंगवलेले आहे. पुन्हा रंगवणे हा गुन्हा नाही, पण त्याची किंमत मूळ रंगाच्या नगाएवढी असू शकत नाही. मग ट्रॅक. या मॉडेलचे ट्रॅक रबराचे असल्याने काळाने कडक होतात, भेगाळतात आणि तुटतात. नवे रबर बसवलेले असेल तर ते विक्रेत्याने सांगायला हवे. पाते वर-खाली होते का, ढिले पडले आहे का, हे अगदी हलक्या हाताने पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे किंवा कथिल थोडेसेही जास्त मिसळले गेले तर धातू आतून, कणांच्या सीमांवरून, सडत जातो. मिश्रधातूच्या मानकांत शिशाची मर्यादा ०.००५ टक्क्यांच्या आसपास ठेवलेली असते, यावरून ही बाब किती नाजूक आहे ते लक्षात येईल. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी मॉडेलांत हा दोष बराच आढळतो, आणि अलीकडच्या काही स्वस्त मॉडेलांतही तो दिसलेला आहे. रंगाखाली केसासारख्या बारीक रेषांचे जाळे, रंगाला आलेले फोड, तळ किंचित वाकलेला, दोन भागांमधली फट एका टोकाला रुंद, ही त्याची लक्षणे आहेत. तिरप्या उजेडात मॉडेल धरून भिंगाने पाहिले तर ती सुटत नाहीत. या सडण्यावर उपाय नाही. दमट आणि उष्ण हवेत ते वेगाने वाढते, कोरड्या आणि थंड जागेत मंदावते, एवढेच. एका मॉडेलकडून दुसऱ्याला त्याची लागण होते ही समजूत मात्र खोटी आहे. दोष ओतकामाच्या दिवशीच धातूत शिरलेला असतो.

खोक्याचीही पारख लागते, कारण जुन्या मॉडेलच्या किमतीत खोक्याचा वाटा मोठा असतो आणि म्हणूनच नकली खोकी छापली जातात. हातात धरण्याची जांभळ्या उजेडाची बॅटरी, जी नोटा तपासायला वापरतात, ती जवळ ठेवावी. अलीकडचा पांढरा कागद त्या उजेडात निळसर चमकतो. जुना पुठ्ठा बहुधा निस्तेज राहतो. एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये, तरी शंका घ्यायला ती पुरेशी आहे.

एनझेडजी किंवा कॉनरॅडच्या मॉडेलांत सिलिंडरमध्ये तेल नसते, बूम (यंत्राचा वर-खाली होणारा लांब हात) घर्षणावर टिकून राहते. बूम पूर्ण उचलून सोडावी. ती तिथेच थांबली पाहिजे. धातूच्या साखळीचा ट्रॅक असेल तर कड्या मोजून दोन्ही बाजू समान आहेत का ते पाहावे, कारण तुटलेली कडी काढून ट्रॅक आखूड करून बसवलेला अनेकदा आढळतो.

मॉडेल मिळवण्याच्या वाटा आणि सीमाशुल्क

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या खेळण्यांच्या दुकानांत आज जे डायकास्ट मिळते ते बहुतांशी मोटारींचे असते. जुन्या नगांसाठी पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार या वाटा आहेतच, पण त्याहून फलदायी वाट माणसांची आहे. निवृत्त अभियंते, जुने कंत्राटदार, यंत्रांच्या वितरकांच्या कचेऱ्या, अशा ठिकाणी १९८० च्या दशकात भेट मिळालेले १:५० चे मॉडेल टेबलावर किंवा शोकेसमध्ये धूळ खात पडलेले असू शकते. अशा घरी लगेच भाव विचारू नये. यंत्राविषयी बोलावे, त्यांनी काम केलेल्या प्रकल्पाविषयी ऐकावे, काका स्वतःच म्हणतील, "घेऊन जा, इथे कोण बघतं त्याच्याकडे." तरीही योग्य मोबदला द्यावा, आणि ते मॉडेल कुणाकडून, कोणत्या निमित्ताने त्यांच्याकडे आले होते हे लिहून घ्यावे.

परदेशातून मागवताना किमतीचा अंदाज विक्रेत्याने मागितलेल्या आकड्यावरून बांधू नये. तसाच नग प्रत्यक्षात कितीला विकला गेला, हे लिलावांच्या संपलेल्या नोंदींत दिसते, तेच खरे. त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरावे. भारतात खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. पार्सल खेळणे या वर्गात धरले गेले तर शुल्क, अधिभार आणि वस्तू-सेवा कर मिळून वस्तूच्या किमतीइतका किंवा त्याहून अधिक खर्च येऊ शकतो, आणि शुल्क टपालखर्चासह होणाऱ्या मूल्यावर मोजले जाते. शिवाय २०२० चा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तो १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक करतो. संग्राहकांच्या मॉडेलांच्या खोक्यावर "१४ वर्षांवरील" असे छापलेले असते, म्हणून विक्रेत्याला बिलावर वस्तूचे तसेच खरे वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगावे. किंमत कमी दाखवण्याची विनंती करू नये. पार्सल अडकले तर सुटका करून घेताना तीच अंगाशी येते.

परदेशातल्या भाच्याने भेट म्हणून पाठवले तर शुल्क लागत नाही, असे अजूनही पुष्कळ जण मानतात. टपाल किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये, राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता, संपली आहे. तो स्वतः सुट्टीत येताना सामानाच्या सवलतीच्या मर्यादेत घेऊन आला तर गोष्ट निराळी.

उन्हाळा, कूलर, धूळ आणि पावसाळा

जतनाविषयीचे युरोपीय सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. परभणी-नांदेडचा मे महिना ४२-४४ अंशांचा, हवा कोरडी, आणि घरोघरी पाण्याचा कूलर. कूलर खोली थंड करतो ती हवेत ओलावा सोडून. त्याच्या झोतासमोरच्या कपाटात उन्हाळाभर पावसाळ्यासारखी दमट हवा खेळत राहते. संग्रहाचे कपाट कूलरच्या खोलीत ठेवूच नये. ठेवावे लागलेच तर झोताच्या आड, घट्ट बसणाऱ्या काचेच्या दारांचे असावे. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट नको, कारण त्या भिंतीची धग रात्री उशिरापर्यंत उतरत नाही आणि रबर व प्लास्टिकचे भाग त्यात मऊ पडतात. खिडकीतून येणारे ऊन पिवळा रंग फिकट करते आणि लाल त्याहून लवकर उडवते.

टायर आणि ट्रॅक यांची वेगळी काळजी लागते. मऊ प्लास्टिकमधला तेलकट घटक उष्णतेने बाहेर येतो आणि ज्या पृष्ठभागाला टायर टेकलेला असतो तो चिकट होऊन खरवडला जातो, विशेषतः तो पृष्ठभाग प्लास्टिकचा किंवा रंगवलेला असेल तर. उपाय स्वस्त आहे : मॉडेल काचेच्या फळीवर ठेवावे, किंवा खाली पॉलिएस्टरच्या पारदर्शक कागदाचा तुकडा घालावा, आणि जड यंत्रांच्या धुराखाली आधार देऊन टायरवरचा भार कमी करावा.

मॉडेल खोक्यात वर्षानुवर्षे ठेवायचे असेल तर आतला स्पंज काढून टाकावा. तो काही वर्षांत भुगा होतो आणि त्याचा चिकट थर रंगाला धरतो. तो काढताना रंगही निघतो. त्याजागी आम्लरहित पांढरा टिश्यू कागद वापरावा, वर्तमानपत्र नको. पावसाळ्यात प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि रंग बदलला की ती गरम करून पुन्हा वापरावी. नव्या प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या कपाटातून आम्लाच्या वाफा येत राहतात, म्हणून ते काही महिने उघडे ठेवून मगच वापरात घ्यावे. लोखंडी चौकटीचे काचेचे कपाट केव्हाही श्रेयस्कर.

धूळ झटकण्यासाठी मऊ केसांचा रुंद ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा, एवढे पुरते. काच पुसण्याचे द्रावण, स्पिरिट किंवा पितळ उजळण्याची पेस्ट अक्षरांवर लावू नये, अक्षरे पुसून जातात. उचलताना मॉडेल खालच्या चौकटीला धरावे. बूम, पाते किंवा धुराड्याला धरून उचलणे हा मॉडेल मोडण्याचा ठरलेला मार्ग आहे.

मुरमाचा पाया

मोकळ्या फळीवर उभा असलेला रोलर आणि रस्त्यावर उभा असलेला रोलर यांत फार फरक पडतो. त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही, माप मात्र सांभाळावे लागते. रस्त्याच्या थरातली ४० मिलिमीटरची खडी १:५० मध्ये ०.८ मिलिमीटर होते, म्हणजे रव्याच्या दाण्याएवढी. क्रशरवर पडणारी काळ्या बेसॉल्टची भुकटी दोन चाळण्यांतून चाळावी आणि मधला, एक मिलिमीटरच्या आतला माल घ्यावा. मुरूम त्याहून बारीक, मैद्याच्या चाळणीतून गाळलेला चालतो. काळी माती शक्यतो टाळावी. ती ओलावा धरून ठेवते, आकसते आणि पायाला भेगा पाडते. शेताचा भाग दाखवायचाच असेल तर काळा रंग दिलेला बारीक भुसा त्या जागी वापरावा.

चाळलेला माल लोखंडी कढईत मंद आचेवर परतून पूर्ण कोरडा करावा. फळीवर सुताराचा पांढरा गोंद पातळ करून पसरावा, त्यावर आधी मुरूम, मग रस्त्याच्या निम्म्या लांबीत खडी भुरभुरावी आणि सपाट लाकडाने दाबावी. निम्म्या भागावर खडी उघडी आणि उरलेल्या भागावर मुरूम टाकून दाबलेला, असे ठेवले की रोलर नेमके काय काम करतो आहे हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. वाळल्यावर वरून पातळ गोंदाचा फवारा द्यावा, म्हणजे कण सुटून मॉडेलच्या सांध्यांत जात नाहीत. पाया आठवडाभर उन्हात वाळू द्यावा आणि गोंदाचा वास पूर्ण गेल्याशिवाय त्यावर मॉडेल ठेवू नये.

नोंदवही

प्रत्येक नगाला एक क्रमांक द्यावा आणि नोंदवहीत यंत्राचे नाव व त्याचा काळ, मॉडेलचा उत्पादक, प्रत्यक्ष मोजलेले प्रमाण, खरेदीची तारीख, किंमत व शुल्क, कुणाकडून मिळाले, आणि घेताना असलेले दोष, एवढे लिहावे. क्रमांक मॉडेलवर चिकटवू नये, खोक्याच्या आत पेन्सिलीने लिहावा. बिल आणि सीमाशुल्काची पावती त्याच क्रमांकाने फाइलमध्ये लावावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, प्रत्येक मॉडेलच्या तळाचे छायाचित्र काढून मागच्या वर्षीच्या छायाचित्राशेजारी ठेवावे. धातूला भेग पडू लागली असेल तर ती आधी तिथेच दिसते. भेग आढळलेले मॉडेल विकायचे ठरवले तर ती दोन्ही छायाचित्रे घेणाऱ्याला दाखवूनच भाव सांगावा.